मिनियापोलिसची एकच जागा

डार्लिस काउपी आमच्या वर्गात दाखल झाली तेव्हा तिला अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली होती. विमान कंपनीत नव्याने रुजू होण्याचं हे वय नव्हे. निवृत्तीच्या केकवर काय लिहून घ्यावं याचा विचार करण्याचं आहे. पासष्टावा वाढदिवस आला की कायदा वैमानिकाला खुर्चीतून उठवतो, मग त्याचे हात कितीही स्थिर असोत. मुलाखतीत तिला नेहमीचा प्रश्न विचारण्यात आला होता, 'दहा वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' ती म्हणाली, 'घरी.' मुलाखत घेणाऱ्यांनी ते व्यवस्थित लिहून घेतलं आणि तिला नोकरी दिली. त्या वर्षी वैमानिकांचा तुटवडा होता.

कॅन्सस सिटीच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात मी नव्या भरतीचे वर्ग घेतो. महिन्याला एक वर्ग येतो. चांगले कपडे घालून येतो, पहिल्या रांगेत बसायला कचरतो, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार असतो: आपल्याला कोणतं विमान मिळणार आणि कोणतं शहर.

आमच्या धंद्यात माणसाला नंबर असतो. रुजू झाल्याच्या तारखेवरून तो पडतो आणि जन्मभर चिकटतो. कोणत्या महिन्यात सुट्टी, कोणत्या गावी मुक्काम, नाताळच्या दिवशी घरी टर्की कापायची की डेनव्हरच्या विमानतळावर सँडविच खायचं, हे सगळं तो नंबर ठरवतो. एकाच दिवशी रुजू झालेल्यांमध्ये पुढे कोण, हा प्रश्न कंपनीने फार पूर्वी निकालात काढला आहे. ज्याचा जन्म आधी, तो पुढे. वर्गात लढाऊ विमानांवरून आलेले असतात, छातीवर पदकं असलेले असतात, दोन-दोन विद्यापीठांचे पदवीधर असतात. त्यातलं काही कोणी विचारत नाही. उभ्या अमेरिकेत वय चोरण्यावर मोठमोठे कारखाने चालतात. आमचा वर्ग ही अशी एकच जागा आहे, जिथे लोक आपल्या सुरकुत्या उजेडाकडे करून बसतात. इथे येण्यापूर्वी केस रंगवणं थांबवलेले दोघे-तिघे तरी मी पाहिले आहेत. त्याने नंबर बदलत नाही, पण आशा असते.

तर पहिल्या आठवड्यात रिकाम्या जागांची यादी फळ्यावर लागते. अमुक विमान, अमुक शहर, इतक्या जागा. मग ठरलेल्या दिवशी मी वयाच्या क्रमाने एकेकाचं नाव घेतो, तो उभा राहून आपली निवड सांगतो, मी त्या जागेवर काट मारतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. याला बिड म्हणतात, म्हणजे बोली. पण पैसे लावायचे नसतात. वय लावायचं असतं.

'विमानाशी लग्न लावू नका, गावाशी लावा,' असं मी प्रत्येक वर्गाला सांगतो. प्रत्येक वर्ग मान डोलावतो. मग पोरं सर्वात मोठं विमान मागतात आणि न्यूयॉर्कच्या विमानतळाशेजारी एका खोलीत सहा पलंग, तेही एकावर एक, अशा ठिकाणी दुसऱ्यांच्या मोज्यांच्या वासात कंपनीच्या फोनची वाट पाहत बसतात. घर ओहायोत, बायको ओहायोत, कुत्रा ओहायोत. विमान मात्र खरोखरच मोठं असतं.

डार्लिसला विमानाशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या वडिलांचं तळ्यावर उतरणारं एक विमान होतं, त्यातून ते मासेमारीच्या शौकिनांना कॅनडाच्या बाजूला नेऊन सोडत. मोटार चालवायच्या आधी ती ते विमान चालवायला शिकली. पुढे जन्मभर तिने पार्सलं वाहिली. पहाटे डलूथहून निघायचं, उत्तर मिनेसोटातल्या चार-पाच गावांना खोकी पोचवायची, संध्याकाळी घरी. विमानाला इंजिन एक, शेजारची खुर्ची रिकामी. पार्सलं तक्रार करत नाहीत, असं ती सांगे, आणि बर्फातून उतरलात तर टाळ्याही वाजवत नाहीत. मूस लेकला तळ्याकाठी तिचं आणि ऑरिनचं घर. मग एका वसंतात तिची पार्सल कंपनी बुडाली आणि त्याच वर्षी ऑरिनची नजर गेली. सगळी नाही. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही.

ज्या भागात दूध आणायलाही गाडी काढावी लागते, तिथे दिसेनासं होणं म्हणजे घरातच नजरकैद. तेव्हा डार्लिसने स्वतःशी एक गोष्ट पक्की करून टाकली होती, आणि पहिल्याच दिवशी मला येऊन सांगितलीही. मिनियापोलिस मिळालं तर नोकरी करायची. ते घरापासून गाडीने जाण्यासारखं आहे. नाही मिळालं तर राजीनामा देऊन परत जायचं.

'आताच सांगते,' ती म्हणाली. 'मागाहून तुम्हाला उगाच त्रास नको.'

वर्गात तीच सर्वात मोठी होती. पहिली निवड तिची. आता प्रश्न एवढाच होता की यादीत मिनियापोलिस असणार का.

यादी सोमवारी लागली. न्यूयॉर्कच्या जागा भरपूर. न्यूयॉर्क कुणालाच नको असतं म्हणून नव्यांना ते मुबलक मिळतं. शिकागोच्या थोड्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन. आणि अगदी तळाशी, एअरबस, मिनियापोलिस: एक.

डार्लिसने यादी वाचली, 'वाईट नाही,' असं म्हणाली आणि कॉफी घ्यायला गेली. तिच्या मुलखाची मोजपट्टी लावली तर हा विजयोन्माद होता.

वयाने दुसरा नंबर होता लमार टिलरी याचा. हवाई दलातून कर्नल होऊन बाहेर पडलेला, जन्माने टेक्सासचा, आवाज मोठा, दात पांढरे. दुसरं लग्न मिनेसोटातल्या बाईशी केलेलं. मिनियापोलिसच्या उपनगरात घर, आणि घरात वर्षाची जुळी. माणूस मुळीच वाईट नव्हता. त्यालाही तीच जागा हवी होती, आणि टेक्सासच्या रिवाजाप्रमाणे त्याने सरळ जाऊन विचारलं.

'मॅडम, आडपडदा ठेवत नाही. मिनियापोलिसवर तुमची नजर आहे का?'

'अहो, माझं काय एवढं!' डार्लिस म्हणाली. 'मला कुठलंही चालेल. तुमची लेकरं लहान आहेत.'

'देवमाणूस आहात, मॅडम!' कर्नलने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि तो गेला.

इथे उत्तर मिनेसोटातल्या शिष्टाचाराबद्दल सांगणं भाग आहे. तिथे कोणी कॉफी पुढे केली की आधी 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं की 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, असलीच तर अर्धा कप' म्हणून दोन कप प्यायचे. ताटलीतला शेवटचा तुकडा तर कोणी घेतच नाही. चर्चच्या तळघरात जेवण असलं की शेवटच्या वडीचे अर्धे करतात, अर्ध्याचं पाव करतात, आणि ती पाव वडी तशीच राहून वाळते. यजमानाने तीन वेळा विचारायचं असतं. दोनदा विचारून थांबणारा यजमान कंजूष, आणि पहिल्या हाकेला हो म्हणणारा पाहुणा टेक्सासचा.

डार्लिसने पहिलं 'नको' म्हटलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं की काय म्हणायचं आणि तिसऱ्यांदा काय, हेही तिच्या मनात जुळलेलं होतं. कर्नल पाठ फिरवून गेला तेव्हा तिला वाटलं, साखर आणायला गेला असेल.

दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं की डार्लिसने मिनियापोलिस सोडलं. तिला स्वतःला ते शेल्बीकडून कळलं. शेल्बी वर्गात वयाने सर्वात लहान, म्हणजे बोलीत शेवटची. उरेल ते आपलं हे तिने पहिल्याच दिवशी मान्य केल्यामुळे ती वर्गातली एकमेव शांत झोपणारी व्यक्ती होती.

'डार्लिस, खरंच सोडतेयस?'

'कोण म्हणालं?'

'कर्नल. बायकोला फोन करून सांगितलंसुद्धा. त्यांच्या सासूबाईंनी केक सांगितलाय म्हणे.'

'केकवर काय लिहिणार?'

'"घरी स्वागत."'

डार्लिसने क्षणभर विचार केला. 'वेगळंच आहे हं,' ती म्हणाली. मूस लेकच्या बाजूला याहून जहाल शिवी नाही.

'अगं, मग जाऊन सांग ना त्यांना! म्हणावं, गैरसमज झाला.'

'आता त्याने बायकोला सांगितलंय.'

'मग?'

'आणि बायकोने आईला.'

शेल्बी फ्लोरिडाची, तिला हे कळेना. 'म्हणजे केकसाठी तू नोकरी सोडणार?'

त्या संध्याकाळी डार्लिसने ऑरिनला फोन लावला. काय बोलणं झालं ते तिनेच मला पुढे सांगितलं.

'कसं चाललंय?' ऑरिन म्हणाला.

'वाईट नाही. मिनियापोलिसची एक जागा आहे.'

'एक तर एक. तुला कितीशा लागतात?'

'वर्गातल्या एका कर्नललाही हवीय. जुळी आहेत त्याच्या घरी.'

'हं. जुळी म्हणजे कामच.'

'त्याच्या हातात बारा वर्षं आहेत, माझ्या सहा-सात. न्यूयॉर्क घेतलं तर दोनेक वर्षांत बदली मिळते म्हणतात. राजीनाम्याऐवजी तसं करावं का, असं मनात आलं.'

'माझं काही अडत नाही, डार्ली. रेमंड नेतो मला दवाखान्यात.'

'भला आहे रेमंड.'

'भला आहे. जाताना ट्रॅक्टरबद्दल बोलतो. येताना दुसऱ्या ट्रॅक्टरबद्दल.'

'चालवून घेशील?'

'माझं काही अडत नाही.'

हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा म्हटलं तर ते खरं धरायचं, असा नियम, नवराबायकोतही तोच. डार्लिस थांबली. ऑरिनने तिसऱ्यांदा ते म्हटलं नाही. मग म्हणाला, 'आज लाकडं आणायला बाहेर गेलो होतो. परतताना दार सापडायला जरा वेळ लागला. घरापासून लाकडांच्या ढिगापर्यंत एक दोरी बांधावी म्हणतो.'

त्या दिवशी मूस लेकला पारा उणे पंचविसाच्या खाली होता.

'बरं मग,' डार्लिस म्हणाली.

'बरं मग,' ऑरिन म्हणाला, आणि फोन ठेवला.

बोलीचा दिवस बुधवार. सकाळी वर्गात सणासारखं वातावरण असतं. कोणीतरी डोनट आणलेले असतात, ज्यांना काहीच मिळणार नाही तेही इस्त्री करून येतात. कर्नल टिलरीने टाय नवा घातला होता. त्याने डार्लिससाठी खुर्ची ओढून दिली, कॉफी आणून दिली, तीही न विचारता. मी फळ्यापाशी उभा राहिलो, मार्करचं टोपण काढलं.

'काउपी.'

ती उठली. बसून सांगितलं तरी चालतं, असं मी म्हणालो. 'नको, उभीच बरी,' ती म्हणाली. हे तिचं पहिलंच 'नको' होतं, पण मी आग्रह केला नाही.

'एअरबस,' ती म्हणाली.

शिकागोलाही एअरबस होतं. माझा हात सवयीने शिकागोच्या ओळीकडे गेला. कर्नल खुर्चीत मागे रेलून हसऱ्या चेहऱ्याने टाळ्यांसाठी हात जुळवून बसला होता.

'मिनियापोलिस,' डार्लिस म्हणाली.

टाळ्या काही वाजल्या नाहीत. कुणाच्या तरी तोंडात डोनट होता, त्याचा चावण्याचा आवाज बंद झाला.

'मॅडम,' कर्नल सावकाश म्हणाला, 'चुकून म्हणालात का?'

'नाही.'

'पण सोमवारी तुम्ही मला म्हणालात, कुठलंही चालेल!'

'म्हणाले होते.' डार्लिसचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत चालला होता. 'तुम्ही एकदाच विचारलंत.'

'म्हणजे? किती वेळा विचारायचं असतं?'

'तीनदा.'

'बरोबर आहे,' मागच्या रांगेतून विस्कॉन्सिनचा एक धिप्पाड माणूस म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. 'आमच्याकडेही तसंच,' त्याने अपराध्यासारखं सांगितलं.

मिनेसोटाचा जावई होऊन कर्नलला सहा वर्षं झाली होती आणि ती सहाही वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून जात असावीत.

'म्हणजे सासूबाई मला "अजून वाढू का" विचारतात तेव्हा...'

'तुम्ही काय म्हणता?'

'हो म्हणतो.'

'पहिल्यांदाच?'

'वर ताटही पुढे करतो.'

मग वर्ग जो हसला, तो आवरेना. कर्नलही हसला, पण बसला नाही. तो उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. लष्करी माणूस. हरायचं तर रीतसर हरावं, असं वळण.

'ठीक आहे, मॅडम. मग आता पद्धतीने विचारतो. मिनियापोलिस मला सोडता का?'

'नाही.'

'दुसऱ्यांदा विचारतो.'

'नाही, कर्नल.'

'तिसऱ्यांदा.' आता तो हसत नव्हता. 'घरी जुळी आहेत, मॅडम.'

डार्लिसने आयुष्यात ताटलीतला शेवटचा तुकडा कधी उचलला नव्हता. चर्चमध्ये नाही, आईच्या घरी नाही, स्वतःच्या लग्नातही नाही. मला खरंच वाटलं, ती आता पाव वडी ठेवून देणार. मी मार्कर हवेत धरून होतो आणि मार्कर वाळत होता.

'तुमची जुळी मोठी होतील, कर्नल,' ती म्हणाली. 'माझ्या नवऱ्याला दिसायला लागणार नाहीये. मिनियापोलिस.'

आणि बसली.

मी काट मारली. टिलरीने टाळी वाजवली. पहिली टाळी त्याची होती, हे मी शपथेवर सांगेन. मग सगळा वर्ग उठला. मी इतके वर्ग घेतले, कुणी सर्वात मोठं विमान मिळवलं म्हणून असा उभा राहिलेला वर्ग पाहिला नाही. आणि हिने तर मिळवलं होतं यादीतलं सर्वात लहान विमान आणि थंडीने गोठणारं एक शहर.

'टिलरी,' मी पुढचं नाव घेतलं.

'शिकागो,' तो म्हणाला. 'आणि घरी फोन करायला दहा मिनिटं.'

शेवटी शेल्बीची पाळी आली तेव्हा फळ्यावर एकच जागा उरली होती. 'न्यूयॉर्क!' ती दोन्ही हात वर करून ओरडली. 'माझी पहिली पसंती!' तिलाही भरपूर टाळ्या मिळाल्या.

प्रशिक्षण संपवून डार्लिस परतली त्या दिवशी सासूबाईंचा केक कर्नलने तिच्या घरी पाठवून दिला. घेऊन येणाऱ्या माणसाला तिने दारात दोनदा 'कशाला, कशाला' म्हटलं. तो मूस लेकचाच होता, म्हणून केक घरात पोचला.

त्यानंतरचं मला कळलं ते डेव्हन ऑर्टिझकडून. हा मिनियापोलिसचा कॅप्टन, वय पस्तीस, खांद्यावर चार पट्ट्या, टँपाला समुद्रकिनारी घर. वार्षिक परीक्षेला आमच्या केंद्रात आला होता. डार्लिस नव्यानेच त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागली होती. ओमाहाहून परत येताना विमान ढगांच्या वर स्थिरावलं आणि ऑर्टिझने आमच्या धंद्यातला तो पहिला प्रश्न विचारला, जो अनोळखी वैमानिक एकमेकांना नावाच्याही आधी विचारतात.

'तुम्ही कामावर येता कुठून?'

'मूस लेकहून.'

'ते कुठल्या विमानतळाजवळ आलं?'

'कुठल्याच नाही. मी गाडीने येते.'

'गाडीने,' ऑर्टिझ म्हणाला.

'दोन तासांच्या आत. हायवेवर हरणं नसली तर.'

ऑर्टिझ स्वतः टँपाहून अटलांटा, अटलांटाहून मिनियापोलिस असा, जागा मिळाली तर, दोन विमानांनी कामावर येतो. आदल्या दिवशी जागा मिळाली नव्हती.

'आणि झोपता कुठे?'

'पलंगावर.'

'ते झालं. पण कुणाच्या?'

'माझ्या.'

आतापर्यंत कितीतरी सहवैमानिक ऑर्टिझच्या पट्ट्यांकडे चोरून बघत आलेले. दुसऱ्याकडे तसं बघण्याची पाळी त्याच्यावर प्रथमच आली. उतरताना वारा आडवा होता आणि धावपट्टीवर बर्फ भुरभुरत होतं. विमान उतरवायची पाळी तिची. ते केव्हा टेकलं हे त्याला चाकांच्या आवाजावरून कळलं. गेटला लागल्यावर मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. डार्लिसने दचकून मागे पाहिलं.

'तुमच्यासाठी आहेत,' ऑर्टिझ म्हणाला. 'जा आता, घरी कोणी वाट बघत असेल. उरलेलं मी बघतो.'

'हो, चालेल,' डार्लिस म्हणाली, पहिल्याच हाकेला, आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या.